किनाऱ्याकिनाऱ्याने पायी सहल आणि घरचं भाज्यांचं सूप : कसं करावं, कसं न्यावं?

खारेवारे
मंडळी, मदत हवीये. पुढच्या आठवड्यात घरचे सगळे मिळून समुद्राच्या कडेकडेने चालत जायचा बेत ठरलाय. आम्ही सात जण, त्यात सासूसासरे, नणंद आणि दोन पोरं, एक चार वर्षांचं आणि एक नऊ. साधारण सहा किलोमीटर, मध्ये कुठेतरी खडकाच्या आडोशाला बसून जेवायचं. हवा गार असणार आणि वारा तर विचारूच नका. आठला निघू, जेवायला साडेबारा. बाकी सगळं कोरडं खाणं आहे म्हणून म्हटलं काहीतरी गरम हवं, तर घरचं भाज्यांचं सूप न्यावं. पाकिटातलं नको, सासऱ्यांना मीठ कमी लागतं आणि त्या पाकिटांत मीठच मीठ.

तर कुठल्या भाज्या, दाट की पातळ, आणि साडेचार तास खरंच गरम राहतं का? नवरा म्हणतोय सूपबिप कशाला, उगाच ओझं. त्यामुळे आता हा इज्जतीचा सवाल झालाय :D

चुलीपाशी
न्या हो बिनधास्त. सात जणांना दोन लिटर पुरे. मोठ्यांना ३०० मिली, पोरांना २०० धरा.

मी असं करते. दोन मोठे कांदे बारीक चिरून थोड्या तेला-लोण्यावर मंद आचेवर दहाएक मिनिटं परतायचे, अगदी मऊ आणि गोडसर वास सुटेपर्यंत, इथे घाई केली की सूप शेवटपर्यंत कच्चट लागतं. मग लसूण, एक चमचा टोमॅटो पेस्ट, ती पण परतायची, रंग गडद झाला पाहिजे. मग चार गाजरं, अर्धा किलो लाल भोपळा, एक बटाटा आणि मूठभर मसूर डाळ. दीड लिटर पाणी, वीस-पंचवीस मिनिटं शिजू द्या, मिक्सरमधून काढा आणि मग पाणी घालून हवं तेवढं पातळ करा. मीठ कमी असेल तर टोमॅटो पेस्ट आणि दोन-चार मश्रूम खूप सांभाळून घेतात. लिंबू मात्र तिथे गेल्यावर पिळा.

टमरेल
एक नंबर रेसिपी. फक्त गरम सूप मिक्सरला लावताना भांडं अर्ध्याच्या वर भरू नका आणि झाकणाचं मधलं बूच काढून वर कापड धरा. वाफ कोंडली की झाकण उडतं आणि भोपळा छताला.

गाजरपारखी
मला कळत नाही, सगळ्यांना सूप मिक्सरमधूनच का काढायचं असतं? दात आहेत ना? घरचं सूप म्हणजे गाजराचा तुकडा दिसला पाहिजे, शेंगेचा दाणा लागला पाहिजे, खाली थोडा पास्ता. समुद्रावर चालून आल्यावर भूक लागलेली असते, तिथे हे आजाऱ्याला द्यायचं पाणी कोण पिणार.

चुलीपाशी
@गाजरपारखी दात आहेत पण हात दोनच आहेत. एका हातात मग, दुसऱ्या हाताने टोपी धरायची, चमचा कुठल्या हाताने? शिवाय पास्ता थर्मासमध्ये चार तास पाणी पीत बसतो, उघडाल तेव्हा फुगून लगदा.

गाजरपारखी
पास्ता मागे घेतो. तुकडे नाही.

फिरस्ता
थर्मासबद्दल लिहितो कारण निम्मं काम तिथे आहे.

१. आधी थर्मासमध्ये उकळतं पाणी भरून झाकण लावून दहा मिनिटं ठेवा. ओतून टाका आणि लगेच सूप भरा. गार थर्मासमध्ये भरलंत तर पहिली उष्णता त्याच्या स्टीललाच तापवण्यात जाते.
२. सूप गॅसवर खदखदतंय तेव्हाच भरायचं. "गरम आहे की" चालत नाही. दाट सूप खालून उकळतं आणि वर कोमटच असतं, ढवळून खात्री करा.
३. काठोकाठ भरा, झाकणापुरती जागा सोडून. अर्धा भरलेला थर्मास फार लवकर निवतो.
४. रुंद तोंडाचा घ्या. बटण दाबून ओतायचे असतात ते चहा-कॉफीसाठी. दाट सूपाचा एक ओवा-मिऱ्याचा दाणा किंवा पानाचं देठ त्या बारीक भोकात अडकलं की बटण दाबत बसा, थेंब थेंब येतं आणि मग कोणीतरी वैतागून सगळं झाकणच उघडतं. ते झाकण घासणं हा वेगळा विषय, त्याच्या आतल्या स्प्रिंगला चिकटलेली डाळ टूथब्रशने निघते.

निवांत
एक मोठा की दोन छोटे?

फिरस्ता
एक मोठा. तेवढंच सूप एका मोठ्या भांड्यात ठेवलं तर बाहेरच्या पृष्ठभागाच्या मानाने आतला माल जास्त, म्हणून हळू निवतं.

भटकी_पावलं
कागदावर बरोबर, पण दोन लिटर सूप अधिक थर्मासचं वजन म्हणजे तीन किलोच्या घरात, ते एकाच पाठीवर. वाळूतून. आणि ज्याच्या पाठीवर आहे तो नेमका पुढे निघून जातो. दोन एकेक लिटरचे घ्या, दोन सॅक, एक सासऱ्यांसाठी बिनमिठाचा. वाटेत पोरांना भूक लागली तर एकच उघडता येतो, दुसरा बंद राहतो.

फिरस्ता
बिनमिठाचा वेगळा ही आयडिया चांगली आहे, मान्य.

खारेवारे
वा वा, एवढ्या लवकर एवढं! दोन थर्मास आहेत घरात, एक लग्नातला, एक नवा. दोन्ही एकेक लिटर. पोरांना तुकडे चालत नाहीत त्यामुळे @गाजरपारखी सॉरी.

गाजरपारखी
पोरांचे लाड करा अजून.

बोलघेवडा
विषयांतर करू का? थर्मास मुळात गरम ठेवायला बनलाच नव्हता. जेम्स ड्यूअर नावाच्या शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये बनवला तो अतिथंड द्रवरूप वायू साठवण्यासाठी. दोन काचेची भांडी एकात एक, मधली हवा काढून घेतलेली, आत चांदीचा मुलामा. हवा नाही म्हणून उष्णता वाहून न्यायला कोणी नाही, आणि चांदीमुळे किरणांनी जाणारी उष्णताही परत आत. ड्यूअरने पेटंट घेतलं नाही. १९०४ मध्ये जर्मनीत काचकाम करणाऱ्यांनी थर्मास नावाने कंपनी काढली आणि नंतर कोर्टात ड्यूअर हरला. तात्पर्य काय तर सूप करा पण आधी पेटंट घ्या.

उंटावरचा
तात्पर्य काय तर आधी नवऱ्याला थर्मास उचलायला द्या, मग विचारा ओझं आहे का.

निवांत
मी याहून सोपं करतो. रात्री थर्मासमध्ये भिजवलेला राजमा, चिरलेल्या भाज्या, मीठमिरी आणि वरून उकळतं पाणी. सकाळपर्यंत आपोआप शिजतं, गॅस पण वाचतो. ट्राय करा.

शंभर_टक्के
@निवांत हे करू नका. आणि कोणी वाचून करू पण नका, म्हणून जरा लांब लिहितो.

कच्च्या राजम्यात फायटोहेमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं, त्याने काही तासांत उलट्या, जुलाब होतात. ते पूर्ण उकळीनेच मरतं. कमीत कमी पाच तास भिजवायचा, ते पाणी फेकायचं आणि ताज्या पाण्यात दहा मिनिटं तरी खळखळून उकळायचा, मग पुढे मऊ होईपर्यंत शिजवायचा. थर्मासमध्ये पाणी ओतल्यापासून उतरतच जातं, ८० डिग्रीच्या आसपास अर्धवट शिजलेला राजमा तर कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देतो. मसूर डाळीत ही भानगड नाहीच्या बरोबर आहे, शिवाय ती पंधरा-वीस मिनिटांत गळते. सूपाला राजमा हवाच असेल तर आधी शिजवून मग घाला.

निवांत
मला तर कधी काही झालं नाही.

शंभर_टक्के
छान आहे. पण यांच्यात चार वर्षांचं पोर आहे आणि म्हातारी माणसं आहेत, आणि सगळ्यात जवळचं शौचालय तीन किलोमीटरवर असणार.

उंटावरचा
हा शेवटचा मुद्दा पहिला लिहायला हवा होता.

कोपऱ्यातली
भाज्यांचंच तर सूप आहे, मांसमच्छी नाही, त्यात काय खराब होणार चार तासांत? उगाच घाबरवतात लोक.

शंभर_टक्के
भाज्या मातीतून येतात, डाळ-बटाट्यात पिष्ट असतं. मातीतल्या काही जिवाणूंचे बीजाणू उकळीतही टिकतात आणि सूप कोमट झालं की जागे होतात. ५ ते ६० डिग्री ही त्यांच्या सोयीची जागा. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे, गरम खायचं ते ६० च्या वर ठेवा आणि शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. म्हणजे सूप गरम राहणं हा नुसता चवीचा प्रश्न नाही.

घाबरू नका, मोजा. आदल्या दिवशी थर्मासमध्ये उकळतं पाणी भरा, साडेचार तासांनी उघडून स्वयंपाकाच्या थर्मामीटरने बघा. ६० च्या वर असेल तर निश्चिंत. पाणी टिकलं तर सूप पण टिकतं.

आणि उलट बाजू पण लक्षात ठेवा, ६० डिग्रीचं सूप अंगावर सांडलं तर काही सेकंदांत भाजतं. चार वर्षांच्या पोराच्या मगात आधी ओता, ढवळा, स्वतः घोट घेऊन बघा मग हातात द्या. मांडीवर बसवून तर अजिबात पाजू नका.

कोपऱ्यातली
हं. बीजाणूंचं माहीत नव्हतं. आम्ही आदल्या रात्रीचं कोमट करून नेतो नेहमी.

चुलीपाशी
आदल्या रात्री करा की, त्यात वाईट काही नाही, उलट मुरतं आणि चव वाढते. फक्त रात्री पसरट भांड्यात काढून लवकर गार करून फ्रिजमध्ये, आणि सकाळी कोमट नाही, उकळून. आणि हो, दूध-क्रीम घालू नका थर्मासमध्ये. टोमॅटोबरोबर फाटतं आणि बाकी सूप बरं असलं तरी नासल्याची शंका येते. दाटपणाला बटाटा-डाळ पुरे आहे.

पानोपानी
भोपळ्या-गाजराऐवजी हिरवं करायचं असेल तर? मटार, पालक वगैरे. मला हिरवं सूप फार आवडतं.

चुलीपाशी
घरी प्यायला उत्तम. थर्मासमध्ये चार तासांनी ते खाकी होतं. हिरव्या रंगातलं मॅग्नेशियम उष्णतेने निघून जातं आणि रंग मरतो, आंबट असेल तर आणखी लवकर. गाजर, भोपळा, टोमॅटो यांचे रंग टिकतात, थोडं तेल असलं की अंगी पण लागतात. हिरवं हवंच असेल तर कोथिंबीर किंवा पार्सली छोट्या डबीत वेगळी न्या, वरून घाला. कोबी-फ्लॉवर पण टाळा, बंद भांड्यात तासन्तास गरम राहिले की झाकण उघडल्यावर जो वास येतो त्याने सूपाची बदनामी होते.

टमरेल
फ्लॉवरबद्दल +१. वारा उलटा असेल तर शेजारच्या खडकावरचे पण उठून जातील.

मुसाफिर_मी
एवढा सगळा घोळ करण्यापेक्षा छोटा गॅस स्टोव्ह न्या, पातेलं न्या, तिथे गरम करा. मजा येते.

भटकी_पावलं
किनाऱ्यावर वाऱ्यात स्टोव्ह म्हणजे अर्धा सिलेंडर नुसता हवा तापवण्यात. मग लोक चारही बाजूंनी आडोसा लावतात आणि त्याच्या आत तो सिलेंडर पण तापतो, ते धोक्याचं. स्टोव्ह वर आणि टाकी खाली अशा जातीचा असेल तर पूर्ण वेढा कधीच घालू नये. शिवाय पुष्कळ किनाऱ्यांवर आग पेटवायला बंदी असते आणि वाळूच्या टेकाडावरचं वाळकं गवत एका ठिणगीने पेटतं. लहान पोरं पळतायत, त्यात हे नको.

मुसाफिर_मी
पोरांचा मुद्दा पटला. आम्ही सगळे बापे असतो त्यामुळे लक्षात आलं नाही.

दर्यावर्दी
सूप राहू द्या बाजूला. खडकाच्या आडोशाला बसून जेवायचं म्हणताय, ओहोटी-भरतीचं वेळापत्रक बघितलंय का? कुठल्या तारखेला जाताय?

खारेवारे
अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी. का?

दर्यावर्दी
म्हणजे उधाणाची भरती. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्य एका रेषेत येतात, पाणी नेहमीपेक्षा वर चढतं आणि नेहमीपेक्षा खाली जातं, आणि सगळ्यात मोठं उधाण बऱ्याचदा त्याच दिवशी नाही तर एक-दोन दिवसांनी येतं. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणून रोजची वेळ पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. त्यामुळे "मागच्या रविवारी आम्ही तिथे बसलो होतो" याला काही अर्थ नाही.

सकाळी ओहोटीला ओल्या घट्ट वाळूवरून मजेत चालत जाता, कड्याखाली सूप पीत बसता आणि उठता तेव्हा परतीचा रस्ता पाण्यात. आणि पाणी एका चालीने चढत नाही, मधल्या दोन तासांत सगळ्यात जोरात येतं. त्या ठिकाणाचं भरतीचं टेबल बघा, अंदाज नको.

खारेवारे
बघितलं आत्ता. त्या दिवशी पूर्ण भरती १२:४० ला आहे :|

दर्यावर्दी
मग खडक विसरा.

उंटावरचा
सूप आपोआप पातळ झालं असतं. खारट पण.

खारेवारे
हाहा, सासऱ्यांच्या मिठाचं काय मग! बरं, नवीन प्लॅन. येताना-जाताना वरच्या पायवाटेने, आणि जेवण वर गवताळ माळ आहे तिथे. पण तिथे आडोसा काहीच नाही, वारा थेट तोंडावर. आता सूप मगात ओतल्या ओतल्या गार होणार ना?

भटकी_पावलं
हो, म्हणून मोठे बाऊल नेऊच नका. उभट मग, झाकणवाले असतील तर फार छान. अर्धा मग ओता, संपला की पुन्हा ओता, मधल्या वेळात थर्मास बंद. पसरट बाऊलमध्ये वारा दोन मिनिटांत गार करतो वर वाळूचा मसाला फुकट. जमिनीवर बसताना सगळ्यांनी वाऱ्याकडे पाठ करून अर्धगोल करायचा, म्हातारी माणसं आणि पोरं आतल्या बाजूला, थर्मास मध्ये.

चुलीपाशी
आणि या बदलामुळे सूप आणखी थोडं पातळ करा, मगातून घोट घेता आला पाहिजे. बटाटा आणि डाळ निवल्यावर अजून दाटतात, म्हणून घरी भरताना "जरा जास्तच पातळ झालंय" असं वाटलं की बरोबर समजा.

गाजरपारखी
पातळ, गाळलेलं, वरून झाकणाच्या भोकातून. थोडक्यात बाटलीने दूध पाजायचं.

बोलघेवडा
@गाजरपारखी तुम्हाला तुकडे हवेत ना, मग तुकडे वेगळे न्या! भाजलेल्या ब्रेडचे चौकोन डब्यात, मगात टाकायचे, दाताखाली काहीतरी येतं आणि चमचा पण लागत नाही. नऊ वर्षांचं पोर तर त्यासाठीच सूप पिईल.

गाजरपारखी
हे चालेल. पहिल्यांदा कोणीतरी शहाण्यासारखं बोललं या धाग्यावर.

पानोपानी
ब्रेडचा डबा बंद ठेवा पण. समुद्रपक्षी हातातून उचलून नेतात, बघत बसावं लागतं.

कोपऱ्यातली
थर्मासला जुन्या चहाचा वास येत असेल तर काय करावं?

टमरेल
एक चमचा खायचा सोडा, गरम पाणी, रात्रभर ठेवून सकाळी खळखळून धुवा. झाकणाची रबरी रिंग काढून वेगळी धुवा, वास तिथेच बसलेला असतो. आणि वापर नसेल तेव्हा झाकण उघडंच ठेवत जा.

खारेवारे
@शंभर_टक्के तुम्ही सांगितलं तसं मोजलं. नवा थर्मास साडेचार तासांनी ७३. लग्नातला ५२!! दिसायला चकचकीत आहे अगदी, झाकण पण घट्ट.

फिरस्ता
मधली पोकळी गेलीये त्याची. उकळतं पाणी भरून दहा मिनिटांनी बाहेरून हात फिरवून बघा, चांगला थर्मास बाहेरून गारच असतो. पोकळी गेली असेल तर अंग गरम लागतं. दुरुस्त होत नाही ते, नवी रिंग घालून पण नाही.

खारेवारे
बघितलं, खालचा अर्धा भाग चांगलाच गरम लागतोय. आता त्यात पिण्याचं पाणी नेणार. नणंदेकडे एक रुंद तोंडाचा आहे तो मागवलाय, तो पण आधी मोजून बघते. शेवटी असं ठरलं : कांदा, गाजर, लाल भोपळा, बटाटा, मसूर, टोमॅटो पेस्ट, मश्रूम. रात्री करून फ्रिजमध्ये, सकाळी खळखळून उकळून तापवलेल्या थर्मासमध्ये. एकात मीठ, एकात अजिबात नाही, वर ओळखायला रंगीत दोरा. लिंबू, मिरपूड, ब्रेडचे चौकोन वेगळे. जेवण माळावर.

नवऱ्याने हा सगळा धागा वाचला आणि म्हणाला भरतीचं मलाच आधी सुचलं होतं.

उंटावरचा
मग थर्मास कोण उचलतंय?

खारेवारे
मिठाचा तो, बिनमिठाचा नणंद. दोरा बांधायच्या आधीच वाद सुरू आहे की हलका कुठला.

मुसाफिर_मी
जरा घुसतो मध्ये. हेच सगळं काकडीच्या गार सूपाला चालेल का? आमच्याकडे आत्ता भयंकर उकाडा आहे.

फिरस्ता
चालेल, फक्त उलटं. थर्मास आधी बर्फाच्या पाण्याने गार करा, सूप फ्रिजमधून थेट भरा, आणि ५ डिग्रीच्या खाली राहतंय का बघा. पण वेगळा धागा काढा की, इथे काकडी आली तर गाजरपारखी परत तुकडे मागतील.

गाजरपारखी
काकडीचे तर हवेतच.